बोटीवरच्या मयताचे पैसे : वारसा की आधार?

जयगडच्या खाडीकाठच्या मुसलमान वस्त्यांत ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘बोटीवर आहे’ हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिले जात आले आहे. मुंबईहून सुटणाऱ्या विलायती कंपन्यांच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे मुसलमान, इंजिनखोलीत पठाण आणि पंजाबी, सलूनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती, अशी वाटणी ठरूनच गेली होती. या माणसांच्या पगारावर कोकणात घरे उभी राहिली, मशिदींना कौले चढली. त्यांच्या मेहनतीविषयी आपण थोडेफार बोलतो. पण बोटीवरचा माणूस मेला की मागे जे पैसे येतात आणि त्यावरून घरात जे वाद पेटतात, त्यांच्या इतिहासाविषयी कोणी बोलत नाही. म्हणून हा लेख.

इंग्रजी अमदानीत मयत खलाशाचा राहिलेला पगार आणि सामान शिपिंग मास्तरकडे जमा होई. ते सोडवून घ्यायचे तर आपण वारस आहोत हे सिद्ध करावे लागे. खाडीपलीकडच्या गावातून मुंबई गाठणे, नाव सांगणे, ओळख पटवणे हे निरक्षर विधवेला सोपे नव्हते. कागदावरची नावेही धड नसत. दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांच्या स्मरणार्थ मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे साडेसहा हजार मृतांची नावे स्मरणवहीत नोंदलेली आहेत. युद्धातल्या अशा नोंदींत कितीतरी खलाशी नुसत्या एका नावाने उरले आहेत. ना बापाचे नाव, ना आडनाव. कोकणात एकाच गावात दहा इब्राहिम असतात. त्यातला कोणाचा कोण, हे बायकोने दाखवायचे कसे?

पहिला मोठा बदल 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने केला. तो 1 जुलै 1924 पासून अमलात आला. भारतात नोंदलेल्या जहाजांवरचे खलाशीही ठराविक अटींवर त्यात होते. कामावर मृत्यू आल्यास तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम ठरली. महिना 25 रुपये पगार धरला तर 750 रुपये. पण रकमेपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर घरच्यांच्या हातात ठेवायची नाही, आयुक्ताकडे जमा करायची. विधवेचा अंगठा घेऊन थोडक्यात भागवण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. दुसरी गोष्ट, ही रक्कम ‘वारसां’ना नव्हे, ‘अवलंबितां’ना द्यायची. कोणाला किती, हे आयुक्ताने गरज पाहून ठरवायचे. हवे तर सगळी एकालाच द्यायची.

1926 च्या कामगार संघटना कायद्याने संघटनांना आपल्या निधीतून सभासदाच्या मृत्यूनंतर त्याच्या अवलंबितांना मदत देण्याची मुभा दिली. मदत कोणत्या अटींवर मिळेल, हे संघटनेच्या नियमावलीत लिहिणे बंधनकारक केले. इथेही शब्द अवलंबितांचाच. पुढे 1966 साली खलाशांसाठी स्वतंत्र भविष्यनिर्वाह निधी कायदा आला आणि त्याबरोबर नामनिर्देशनाचा फॉर्म, म्हणजे आपल्या बोलीतले ‘नॉमिनी’, घरोघर पोचले.

वाद होतो तो इथेच, आणि बहुधा एकाच वळणाने जातो. मुलगा विशीत बोटीवर जातो. तेव्हा लग्न झालेले नसते. फॉर्मवर आईचे किंवा थोरल्या भावाचे नाव लागते. पुढे लग्न होते, मुले होतात, फॉर्म तसाच राहतो. माणूस गेला की भाऊ म्हणतो, नाव माझे आहे. बायको म्हणते, मुले त्याची आहेत. जमातीचे पंच म्हणतात, शरियतप्रमाणे हिस्से करा.

आकडा घालून पाहू. एक लाख रुपये आले. मागे आई, बायको, एक मुलगा आणि एक मुलगी आहे. तरका म्हणून वाटणी केली तर बायकोला आठवा हिस्सा, 12,500. आईला सहावा, सुमारे 16,667. उरलेल्यातून मुलाला सुमारे 47,222 आणि मुलीला 23,611. नॉमिनीलाच मालक मानले तर बायकोच्या हाती कदाचित शून्य. अवलंबितांचा नियम लावला तर मुले लहान आहेत म्हणून सगळी रक्कमही तिच्याकडे येऊ शकते. पैसे तेच, पण प्रश्न वेगळा विचारला की उत्तर बदलते.

नॉमिनीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली सरबती देवी खटल्यात विम्याच्या संदर्भात सोडवला होता. नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण ते वारसांसाठी. 2015 मध्ये विमा कायदा बदलला आणि आईवडील, पती-पत्नी व मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभाचा हक्क मिळाला. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीच्या 1952 च्या योजनेत तर कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर आपोआप रद्द होते. संघटनेच्या कल्याण निधीला मात्र असे एकच कवच नाही. तिथे नियमावली काय म्हणते, त्यावर सारे अवलंबून.

माझे मत स्पष्ट आहे. मयताने आयुष्यात कमावलेले, त्याच्या पगारातून साचलेले पैसे हा तरका. त्यातून आधी कफन-दफन, मग कर्ज आणि बायकोचा राहिलेला महर, मग वसियत, मग हिस्से. पण संघटनेच्या निधीतली मदत तो जिवंत असताना कधीच त्याची नव्हती. ती सोबतच्या खलाशांनी वर्गणी भरून त्याच्या चुलीसाठी ठेवलेली रक्कम आहे. जे त्याच्या मालकीचे नव्हते त्याचे हिस्से कसले पाडायचे? ही मदत त्याच्या जिवावर जगणाऱ्यांची.

हा फरक नातवंडांच्या बाबतीत जास्तच बोचतो. दुसरा मुलगा हयात असेल तर आधी वारलेल्या मुलाच्या लेकरांना आजोबांच्या तरक्यात हिस्सा नसतो. 1923 च्या कायद्याने मात्र मृत मुलाच्या अज्ञान मुलांना अवलंबितांत धरले होते. कल्याण निधीची मदत तरका म्हणून वाटली, तर ज्या पोरक्यांसाठी तो निधी उभा राहिला तेच उपाशी राहतात, आणि शरियतचे नाव विनाकारण मध्ये येते.

म्हणून जमातीच्या पंचांनी हिस्से मोजायला बसण्याआधी एकच विचारावे: ही रक्कम कुठून आली? पगारातून, भविष्यनिर्वाह निधीतून, नुकसानभरपाईतून की संघटनेच्या मदतीतून? प्रत्येकीचा कागद वेगळा ठेवावा. आणि ज्यांचा मुलगा आज बोटीवर आहे त्यांनी पुढच्या सुट्टीत निकाहनामा, मुलांचे दाखले आणि सीडीसीवरचे नाव जुळते का ते पाहावे. जुना फॉर्म काढून त्यावर कोणाचे नाव आहे, हेही वाचावे. अर्ध्या तासाचे काम आहे. ते राहिले तर सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या चढतात आणि विधवेची दहा वर्षे तारखांत जातात.