ऋषीची भाजी आणि कोरी वही

घरामागच्या चार हात जागेत भाजी लावणाऱ्याला वर्षभर दोनच प्रश्न पडतात. काय पेरायचे आणि कधी पेरायचे! पहिल्याचे उत्तर जिभेकडे असते. दुसऱ्याचे उत्तर शोधता शोधता माणसाने पंचांगे मांडली, पाऊस मोजायला भांडी ठेवली आणि वह्या भरल्या. निवृत्तीनंतर मीही बागेची एक वही ठेवते, म्हणून या वह्यांचा इतिहास थोडा वाचून काढला. तो आज तुमच्यापुढे ठेवते.

सुरुवात कौटिल्यापासून करावी लागते. 'अर्थशास्त्रा'त सीताध्यक्ष, म्हणजे राजाच्या शेतीचा अधिकारी, याच्यावर एक अख्खे प्रकरण आहे. त्यात कुठल्या प्रदेशात किती पाऊस पडतो हे 'द्रोण' या मापात दिले आहे. कोरड्या प्रदेशात 16 द्रोण, अवंतीत म्हणजे माळव्याकडे 23 द्रोण. आणि अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत? तिथे आकडाच नाही. 'अमित', मोजमाप नसलेला, असे म्हणून कौटिल्य मोकळा झाला! 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि इकडे कल्याणच्या पट्ट्यात घराघरांत पाणी शिरले, तेव्हा मला त्या शब्दाची आठवण झाली होती.

त्याच प्रकरणात कुठे काय लावावे हेही आहे. वेलींची फळे नदीकाठी आणि भाजीपाला व कंद विहिरीच्या आसपास. हे वाचून मला हसू आले. आमच्या सासूबाईंनी अर्थशास्त्राचे नावही ऐकले नव्हते, पण अळू मोरीच्या पाण्यावर आणि काकडी कुंपणालगत, हे त्यांचे ठरलेले होते.

'कुठे' झाले, आता 'कधी'. आपल्याकडे त्याचे उत्तर नक्षत्रांत दिलेले असते. सूर्य एका नक्षत्रात साधारण 13-14 दिवस राहतो. रोहिणी 25 मेच्या सुमारास, मृग 7-8 जूनला, आर्द्रा 21-22 जूनला, हस्त 27 सप्टेंबरला, अशी ही माळ. शेतकऱ्याला लिहिता-वाचता येवो न येवो, ही माळ तोंडपाठ. पण तिच्यात एक गंमत आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो, त्यामुळे नक्षत्रे ऋतूंच्या मागे पडत जातात. वेग अगदी कमी, सुमारे 72 वर्षांत एक दिवस. तरीही वराहमिहिराच्या काळी, म्हणजे सहाव्या शतकात, सूर्य मृगात आजच्या मानाने सुमारे तीन आठवडे आधी येत असे. म्हणजे 'मृग लागला, पाऊस आला' हा मेळ अनादि काळापासूनचा नाही. कुणीतरी पिढ्यान्पिढ्या आभाळाकडे आणि मातीकडे बघून तो पुन्हा पुन्हा जुळवत राहिले असणार.

नक्षत्रे झाली शेताची. परसबागेचे वेळापत्रक मात्र वेगळे होते, आणि ते बायकांच्या हातात होते. भाद्रपद शुद्ध पंचमीला ऋषीची भाजी करतात. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा नेम. म्हणजे नांगरलेल्या शेतातले वर्ज्य; परसात हाताने खणून लावलेले तेवढे चालते. अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळी, भोपळा, सुरण, कणीस हे सगळे एकाच दिवशी हाताशी हवे! माठाला महिना पुरतो, भेंडीला दीड महिना, पडवळाला दोन, भोपळ्याला तीन आणि सुरणाला सात-आठ महिने. म्हणजे ताटापासून उलटे मोजत पेरणी ठरवायची. शिवाय ती तिथीही एका जागी थांबत नाही. 2023 मध्ये अधिक श्रावण आल्याने ऋषिपंचमी 20 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 28 ऑगस्टला. तेवीस दिवसांचा फरक! आमच्या सासूबाई हा हिशेब चुलीपुढे बसून करत. दुसरी परीक्षा संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला. तेव्हा घेवडा, पावटा, वांगी हवीत, म्हणजे वांग्याचे रोप श्रावण-भाद्रपदातच टाकायला हवे. कुठेही न लिहिलेले हे वर्षाचे पूर्ण नियोजनच होते.

आता लिहिणाऱ्यांकडे वळू. इंग्लंडमध्ये सेलबर्न गावी गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्याने 1751 पासून बागेची रोजनिशी ठेवली. काकड्या आणि टरबुजांसाठी त्याने शेणखताचे ऊबदार वाफे केले, त्याची तारीखवार हकिगत तिच्यात आहे. तो परगावी गेला की त्याचा गडी थॉमस होअर पाऊस मोजून ठेवी. अमेरिकेत थॉमस जेफरसनने 1766 ते 1824 अशी जवळजवळ साठ वर्षे बागेची वही लिहिली. पुढे त्याने तक्तेच आखले. कुठे पेरले, कधी पेरले, टेबलावर कधी आले. जे साधले नाही तिथे सरळ 'फसले' अशा अर्थाची नोंद. राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस, पण वाटाणा उगवला नाही तर तसे लिहायला लाजला नाही, याचे मला कौतुक वाटते.

पण ती वही वाचताना एक गोष्ट टोचते. माँटिचेलोच्या त्या टेकडीवर सुमारे 300 मीटर लांबीचा भाजीचा सपाट पट्टा खणला तो गुलाम माणसांनी. कुदळ त्यांच्या हातात, लेखणी मालकाच्या. आपल्याकडेही वेगळे काय झाले? ज्यांना बी-बियाणे कळत होते त्यांना अक्षर मिळाले नाही, आणि ज्यांना अक्षर मिळाले त्यांनी कुदळ धरली नाही. फुलामाळ्याच्या घरात जन्मलेल्या जोतीरावांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्यात शेतकऱ्याला विद्या नसल्याचे दुःख किती खोल आहे, ते वयाच्या सत्तरीत बागकाम करताना मला नीट समजले.

कारण सासूबाई गेल्या आणि तो सगळा हिशेब त्यांच्याबरोबर गेला. वाल कधी टाकायचा, असे विचारले की म्हणायच्या, "जमिनीला हात लावून बघ, कळतं." त्यांच्या हाताला कळत होते. तो हात कुठून आणायचा?

आणि आता तर नुसते पाठांतरही पुरत नाही. हवामान खात्याने 2020 मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा बदलल्या. मुंबईत पाऊस येण्याची तारीख 10 ची 11 जून झाली, पण परत जाण्याची तारीख सप्टेंबरअखेरीवरून 8 ऑक्टोबरवर गेली. प्रत्यक्षात तर 2019 मध्ये तो 25 जूनला आला आणि 2025 मध्ये 26 मेलाच, रोहिणीतच! सरासरी खरी असते, पण आपल्या वाफ्यात सरासरी पाऊस पडत नाही. हस्ताच्या भरवशावर मेथी टाकावी आणि ऑक्टोबरच्या सरींनी ती कुजावी, हे आता नवे राहिलेले नाही.

म्हणून वही. माझी साधी शाळेची दोनशेपानी आहे. डाव्या पानावर तारीख, नक्षत्र, पाऊस आणि काय पेरले. उजवे पान कोरे, तिथे पुढे काय झाले ते. तीन-चार वर्षे भरली की डावे-उजवे पान ताडून बघता येते, आणि छापील तक्त्यापेक्षा आंबिवलीची माती जास्त बोलू लागते. माझ्या वहीप्रमाणे इथे मेथी-पालक दिवाळीच्या आसपास टाकलेले बरे, आणि वाल जमिनीत ओल असेतोच.

असो. तुमच्या घरात अजून कुणी आजी, मावशी, आत्या असेल जिला हाताने कळते, तर या भाद्रपदात ऋषीची भाजी निवडायला तिच्याशेजारी बसा. कोणती भाजी कधी लावली होती ते विचारा आणि तिच्या नावासकट लिहून ठेवा. नाव नक्की घाला!