गोंदिया-चांदा फोर्ट लोहमार्ग

महाराष्ट्राच्या पूर्व भागातील गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतून जाणारा, मुळात अरुंदमापी व आता रुंदमापी असलेला शाखामार्ग. गोंदिया, सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, राजोली, मूल, केळझर व चांदा फोर्ट ही त्यावरील प्रमुख स्थानके होत. वैनगंगेच्या खोऱ्यातील तलावांवर पोसलेला धानाचा मुलूख आणि त्यालगतची साग-बांबूची अरण्ये, म्हणजेच ‘झाडीपट्टी’ या नावाने ओळखला जाणारा प्रदेश, या मार्गाने बाहेरच्या बाजारपेठांशी जोडला गेला. मार्ग स्वस्तात बांधता यावा म्हणून जे अरुंद माप निवडण्यात आले, त्याचे परिणाम मात्र या प्रदेशाला पुढे सु. ८० वर्षे भोगावे लागले.

पार्श्वभूमी : चांदा जिल्ह्यातील इमारती लाकूड, कापूस व इतर माल नदीमार्गाने पूर्व किनाऱ्यापर्यंत नेण्याच्या हेतूने इंग्रज सरकारने १८६० नंतर गोदावरी व तिच्या उपनद्यांवर जलवाहतुकीची कामे हाती घेतली, परंतु खडकाळ पात्रे व वाढता खर्च यांमुळे ती १८७० च्या दशकाच्या आरंभी सोडून द्यावी लागली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली होती. वरोरा येथे सरकारी कोळसा-खाण सुरू झाल्यावर वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत रुंदमापी फाटा टाकण्यात आला (१८७० चे दशक). चांदा जिल्ह्यातील हा पहिला लोहमार्ग होय. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली व कोळशाचे काम बल्लारपूरकडे सरकले. त्या सुमारास हा फाटाही चांद्यावरून बल्लारपूरपर्यंत वाढविण्यात आला. अशा रीतीने जिल्ह्याची पश्चिम बाजू कोळशामुळे रेल्वेच्या कक्षेत आली. पूर्वेकडील धान व वने यांचा मुलूख मात्र बैलगाडीवरच अवलंबून राहिला.

उभारणी : हे पूर्वेकडील काम बंगाल-नागपूर रेल्वेने केले. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने नागपूर-छत्तीसगढ हा मीटरमापी मार्ग ताब्यात घेऊन तो रुंदमापी केला आणि पुढे कलकत्त्याशी जोडला. त्यामुळे गोंदिया हे मुख्य मार्गावरील स्थानक बनले. १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांत धान्य अंतर्भागात वेळेवर पोहोचविण्याची निकड तीव्रतेने जाणवली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत याच भागात घोडाझरी, आसोलामेंढा यांसारखे मोठे तलाव बांधण्यात आले. लोहमार्गही त्याच काळात आले. कंपनीने प्रथम गोंदियाहून उत्तरेकडे जबलपूरपर्यंत अरुंदमापी मार्ग बांधला. त्यानंतर दक्षिणेकडील गोंदिया-नागभीड व नागपूर-नागभीड हे दोन्ही मार्ग १९०८ मध्ये खुले झाले. नागभीडहून राजोलीपर्यंत व तेथून चांदा फोर्टपर्यंतचे काम १९१३ मध्ये पूर्ण झाले. यामुळे जबलपूरपासून चांद्यापर्यंत एकाच मापाचा सलग मार्ग निर्माण झाला आणि नागभीडला तीन दिशांच्या गाड्यांच्या प्रस्थानकाचे महत्त्व आले.

माप व त्याचे परिणाम : या मार्गाच्या रुळांतील अंतर ७६२ मिमी. (अडीच फूट) होते. रुंदमापी मार्गावर ते १,६७६ मिमी. असते. अरुंद मापामुळे भराव, पूल व रूळ यांचा खर्च कमी येतो आणि वळणे तीव्र ठेवता येतात. मोजकी वाहतूक असलेल्या वनप्रदेशात ही निवड व्यवहार्य ठरली. तथापि अरुंदमापी डबे मुख्य मार्गावर नेता येत नसल्याने तांदूळ, लाकूड, बांबू इ. माल गोंदियास किंवा नागपुरास उतरवून पुन्हा रुंदमापी डब्यांत भरावा लागे. यात वेळ व मजुरी वाढे.

चांदा शहरात ही अडचण विशेष स्पष्ट दिसे. तेथे दोन कंपन्यांची दोन स्वतंत्र स्थानके होती. त्यांचे रूळ भिन्न मापांचे होते आणि ते एकमेकांना मिळत नव्हते. बल्लारशाह-काझीपेठ मार्ग पूर्ण होऊन १९२९ मध्ये ग्रँड ट्रंक एक्सप्रेस सुरू झाली, तेव्हा शहराच्या एका बाजूने दिल्ली-मद्रास वाहतूक वाहू लागली. दुसऱ्या बाजूची छोटी गाडी मात्र चांदा फोर्टलाच थांबत राहिली. बल्लारपूरच्या कागद गिरणीसारखा बांबूवर चालणारा मोठा उद्योग नजीक उभा राहिल्यावरही हा तुटलेला दुवा तसाच राहिला.

रूपांतर : बंगाल-नागपूर रेल्वे १९४४ मध्ये सरकारच्या ताब्यात आली. पुढे हा मार्ग १९५२ मध्ये पूर्व, १९५५ मध्ये दक्षिण-पूर्व व २००३ मध्ये दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेकडे गेला. १९९० च्या दशकात गोंदिया-चांदा फोर्ट मार्ग टप्प्याटप्प्याने रुंदमापी करण्यात आला आणि चांदा फोर्ट ते बल्लारशाह हा नवा दुवा जोडण्यात आला. गोंदिया-जबलपूर मार्गाचे रूपांतर २०२० च्या सुमारास पूर्ण झाल्यावर उत्तर व दक्षिण भारतातील मालवाहतुकीस हा जवळचा मार्ग उपलब्ध झाला. नागपूर-नागभीड (सु. १०६ किमी.) या मार्गावरील अरुंदमापी वाहतूक रूपांतराच्या कामासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद करण्यात आली. या जाळ्यातील एंजिने व इतर साहित्य नागपूरच्या मोतीबाग येथील अरुंदमापी रेल्वे संग्रहालयात (स्थापना २००२) जतन करण्यात आले आहे. गोंदिया-बल्लारशाह मार्गाच्या (सु. २४० किमी.) दुहेरीकरणास केंद्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी दिली.

वाढत्या वेगाचा भार वनांवरही पडला आहे. मूल ते चांदा फोर्ट हा भाग ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पालगतच्या जंगलातून जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये चिचपल्लीनजीक गाडीखाली सापडून वाघाची तीन पिले मृत्यू पावली. सावकाश जाणाऱ्या छोट्या गाडीच्या काळात न उद्भवलेला वन्य प्राण्यांच्या वाटांचा प्रश्न दुहेरीकरणामुळे अधिक बिकट होण्याचा संभव आहे.

मर्यादा : हा मार्ग वडसा व ब्रह्मपुरी यांच्या दरम्यान वैनगंगा ओलांडतो आणि पश्चिमेस वळतो. नदीच्या पूर्वेकडील विस्तीर्ण वनप्रदेश त्यामुळे बाजूलाच राहिला. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा तीन-चतुर्थांशांहून अधिक क्षेत्र वनांखाली असलेल्या या जिल्ह्याच्या वाट्यास वडसा (देसाईगंज) हेच काय ते महत्त्वाचे स्थानक आले. तांदळाची बाजारपेठ आणि झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक मंडळ्यांचे केंद्र म्हणून वडसा वाढले; जिल्ह्याचे मुख्य ठाणे मात्र रेल्वेवाचून राहिले. दक्षिण टोकावरील सिरोंच्याच्या रहिवाशांना तर वडशापेक्षा तेलंगणातील मंचेरियल हे स्थानक कितीतरी जवळ पडते. सुरजागड येथील लोहखनिजाची वाहतूकही प्रथम रस्त्यानेच सुरू झाली. वडसा-गडचिरोली या सु. ५२ किमी. लांबीच्या मार्गाला २०११-१२ मध्ये मंजुरी मिळाली. परंतु भूसंपादन, वनजमिनीची परवानगी व वाढता खर्च यांमुळे त्याचे काम लांबले. हा मार्ग पूर्ण झाल्यावर १९०८ मध्ये वैनगंगेच्या काठी वळलेली रेल्वे प्रथमच पूर्वेकडील वनप्रदेशात प्रवेश करील.