मागच्या सीटचा पट्टा

आजचा इतिहास एका पट्ट्याचा. गाडीत बसल्यावर आपण इथे ब्रिटनमध्ये न विचार करता खट्कन लावतो, तो सीटबेल्ट.

मोटारींमध्ये पट्टे आधीपासून होते, पण बरेचसे नुसते कमरेचे. धडक बसली की कंबर जागच्या जागी आणि डोकं-छाती पुढे. पट्टा पोटात रुतून आत इजा व्हायची ती वेगळीच. १९५८ मध्ये स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने नील्स बोलिन या इंजिनीअरला आपल्याकडे घेतलं. तोवर हे गृहस्थ साब कंपनीत इजेक्शन सीटवर काम करत होते, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनावर. आता वैमानिक काय, सांगाल तितके पट्टे आवळून घेईल. पण भाजी आणायला निघालेला माणूस? त्याला एका हाताने, क्षणात लागणारं काहीतरी हवं.

बोलिन यांनी एक पट्टा छातीवरून तिरका नेला, दुसरा कमरेच्या हाडांवरून आडवा, आणि दोन्ही सीटच्या बाजूला खाली एकाच ठिकाणी अडकवले. त्यामुळे धक्का बरगड्या आणि कमरेची हाडं घेतात, मऊ पोट नाही. १९५९ मध्ये हा पट्टा गाड्यांत बसू लागला. व्होल्वोने पेटंट घेतलं, पण इतर कंपन्यांना तो वापरायची मोकळीक दिली. हा मोठेपणा सांगायलाच हवा.

१९६७ मध्ये बोलिन यांनी २८,००० अपघातांचा अभ्यास मांडला. ताशी ६० मैलांपेक्षा कमी वेगाच्या अपघातांत पट्टा लावलेलं एकही माणूस दगावलं नव्हतं. न लावलेले मात्र अगदी कमी वेगातही गेले होते.

एवढा पुरावा असूनही ब्रिटनने वेळ लावला. गाड्यांत पट्टे होते, लावणं मर्जीवर होतं. सत्तरच्या दशकात पार्लमेंटमध्ये पुन्हापुन्हा वाद झाले: हा व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे, गाडी पेटली तर माणूस अडकेल, वगैरे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्येच सक्ती केली. आपल्याकडे ती आली ३१ जानेवारी १९८३ ला. तीही फक्त पुढच्या सीटसाठी! मागे बसणाऱ्या मुलांसाठी १९८९ आणि मोठ्यांसाठी १९९१ उजाडलं.

मागे बसलं की सुरक्षित, हा समज फार चिवट. धडकेत गाडी थांबते, मागचा माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढच्या सीटवर जाऊन आदळतो. १९९८ ची टीव्हीवरची ‘ज्युली’ची जाहिरात काहींना आठवत असेल. त्यात मागे बसलेल्या मुलाच्या धक्क्याने पुढची आई जाते.

आपल्या महाराष्ट्रात ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. नियम तर मागच्यांसाठीही होताच, फक्त पाळत कोणी नव्हतं.

सुट्टीला मुंबईत उतरून पुण्या-नाशिकची टॅक्सी केलीत, तर बघा: मागचं बकल बऱ्याचदा सीटकव्हरखाली दडलेलं असतं. गाडी हलायच्या आत ड्रायव्हरदादांना ते वर काढून द्यायला सांगा. लगेच निघतं.