शाळाखात्याचा ताळेबंद

सरकारी अहवालास वाङ्मय मानण्याची चाल आपल्याकडे नाहीं. तथापि ज्यास एखाद्या जिल्ह्याचा गेल्या दीडशें वर्षांचा सामाजिक इतिहास लिहावयाचा असेल, त्यानें शाळाखात्याचीं वार्षिक कोष्टकें बखरींइतक्याच काळजीनें वाचावीं, असें आमचें मत आहे. राज्यें पालटलीं, जिल्ह्यांचीं नांवें बदललीं; परंतु शाळा किती, मुलें किती, खर्च किती, हे तीन प्रश्न दरसाल विचारण्याचा प्रघात कांहीं मोडला नाहीं. ह्या प्रघातानें काय साधलें व काय नजरेआड केलें, ह्याचा विचार आम्ही येथें मोरा बंदराच्या निमित्तानें करूं इच्छितों.

मोरा हें उरणचें बंदर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच येथें लागते. भोंवतालच्या मुलखांत कोळी व आगरी लोकांची वस्ती जुनी. मासेमारी, मिठागरें आणि खारीची भातशेती हे त्यांचे पिढीजाद धंदे. मीठ उन्हाळ्यांत पिकतें, भाताची लावणी पावसाळ्यांत होते, आणि नारळी पौर्णिमा झाली कीं होड्या पुन्हां समुद्रांत जातात. ह्या प्रत्येक हंगामांत घरांतील लहान हातांनाही काम असे. शाळेचें वर्ष एका पंचांगानें चालावयाचें आणि पोटाचें वर्ष दुसऱ्या, हा पेच येथें अहवालाच्या आधींपासूनच उभा होता.

दरसालच्या अहवालास पक्कें रूप आलें तें चार्ल्स वुड ह्यांच्या इ. स. १८५४ च्या खलित्यानंतर. १८५५ सालीं मुंबई इलाख्यांत स्वतंत्र शिक्षणखातें निघालें. वर डायरेक्टर, त्याखालीं इन्स्पेक्टर, आणि गांवोगांव फिरणारा डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्यास लोक 'दिपोटी' म्हणूं लागले, अशी उतरंड रचली गेली. मास्तरांचें हजेरीपत्रक दिपोटीच्या तपासणींत, तेथून जिल्ह्याच्या बेरजेंत आणि शेवटीं इलाख्याच्या छापील अहवालांत, असा आंकड्यांचा प्रवास ठरून गेला. ही शिस्त आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. पंतोजीची खाजगी शाळा बंद पडली तर तिचा जाब कोणास विचारावा हेंच कळत नसे. सरकारी शाळेचा जाब विचारण्यास निदान एक ठिकाण झालें.

परंतु कोष्टक वाचणारानें सावध असावें लागतें, आणि ह्याचें उदाहरण मोऱ्याच्याच वांट्यास आलें आहे. १८८३ पर्यंत उरणासह पनवेल तालुका ठाणें जिल्ह्यांत होता. त्या वर्षीं तो कुलाब्यास जोडण्यांत आला. १८९१ त कर्जतही त्याच वाटेनें गेलें. जिल्हावार बेरजा पाहणारास ठाण्याचें शिक्षण घटलें व कुलाब्याचें वाढलें असें वाटावें. आणि प्रत्यक्षांत एकही मूल एका शाळेंतून उठून दुसऱ्या शाळेंत बसलेलें नसावें! प्रगति मोजण्यापूर्वीं मोजण्याची हद्द कोठें आहे, हें पाहणें अवश्य आहे.

ह्याहून मोठा प्रश्न पैशाचा. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकलफंड घेण्याची पद्धत पडली व १८६९ च्या कायद्यानें ती पक्की झाली. ह्या पट्टीचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. म्हणजे शाळेचा खर्च बह्वंशीं शेतकरी भरी. पण त्याचा मुलगा वर्गांत होता काय? हा प्रश्न १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले ह्यांनीं आपल्या निवेदनांत रोखठोक विचारला. गरिबीमुळें शेतकऱ्यांस मुलांकडून गुरें राखवून व शेतें सांभाळून घ्यावीं लागतात, हें कारणही त्यांनीं सांगितलें. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचें करावें, मास्तरास बारा रुपयांहून कमी पगार नसावा, आणि मुलांस शिष्यवृत्त्या व बक्षिसें द्यावीं, असे उपाय त्यांनीं सुचविले. आमच्या समजुतीप्रमाणें फुल्यांचें निवेदन हें त्या काळच्या सर्व वार्षिक अहवालांस जोडलेलें न छापलेलें परिशिष्ट होय. अहवाल आलेल्या मुलांची गणती करीत होता. फुले न आलेल्यांची करीत होते.

त्याच कमिशननें खाजगी प्राथमिक शाळांस निकालाच्या मानानें अनुदान देण्याची शिफारस केली. इंग्लंडांत रॉबर्ट लो ह्यांनीं १८६२ सालीं हीच पद्धत घातली होती, आणि स्वतः शाळातपासनीस असलेले कवि मॅथ्यू अर्नॉल्ड ह्यांनीं तिजवर कडक टीका केली होती. ज्या विषयास पैसा तोच विषय शिकविला जातो, व परीक्षेंत नापास होईल असें मूल शिक्षकास ओझें वाटूं लागतें, हा त्या पद्धतीचा दोष उघड आहे. मिठागरावर राबून महिनाभरानें परतलेला मुलगा अशा हिशेबांत तोट्याच्याच बाजूस पडावयाचा.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. गोखल्यांचें सक्तीच्या शिक्षणाचें बिल १९१२ सालीं नापास झालें. विठ्ठलभाई पटेलांच्या १९१८ च्या कायद्यानें म्युनिसिपालिट्यांस सक्तीचा अधिकार मिळाला. १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या हातीं आल्या. १९४७ च्या कायद्यानें जिल्हा स्कूल बोर्डांची नवी घडी बसली. आणि १९६२ पासून हा भार जिल्हा परिषदेनें उचलला. १९८१ त कुलाब्याचें रायगड झालें. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क कायद्यानें मान्य आहे. फुल्यांच्या मागणीस एकशें अठ्ठावीस वर्षें लागलीं!

हक्क मान्य झाल्यानें अहवालाचा अर्थच पालटला पाहिजे. पूर्वीं पटावरील मूल ही कमाई होती. आतां पटाबाहेरील प्रत्येक मूल हें देणें आहे. जिल्ह्याचें ठाणें अलिबागेस. मोऱ्याच्या माणसानें करंज्याहून तर ओलांडून रेवसमार्गें तेथें जाब विचारण्यास जावें, अशी अपेक्षा करणें रास्त नव्हे. सुदैवानें त्याच कायद्यानें शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश जागा पालकांस दिल्या आहेत. त्या समितीनें वर्षाचा अहवाल गांवांत मोठ्यानें वाचून दाखवावा, आणि बेरजेनंतर एक प्रश्न अवश्य विचारावा: आपल्या आळींतील कोणतें मूल ह्या बेरजेंत नाहीं? उत्तर देणारे शेजारींच बसलेले असतील. ताळेबंद जमेनें शोभतो, पण खरा ठरतो तो बाकीनें.