मुळांतून पानांत, पोटातून केसांत

मुलांच्या डोक्यातला नायटा बरा करायचा तर आधी डोक्यावरचे केस घालवायचे, एवढेच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरांच्या हाती होते. पॅरिसच्या साबूरो यांनी 1904 मध्ये त्यासाठी क्ष-किरणांची पद्धत बसवून दिली. थॅलियम ॲसिटेट देऊनही केस झडत. पण ते विषच, मात्रा चुकली की मूल दगावे. मलमाचा फारसा उपयोग नसे, कारण नायट्याची बुरशी केसाच्या आतच ठाण मांडून बसलेली.

यावरचे औषध मात्र 1939 मध्येच हाती आले होते. लंडनमध्ये ऑक्सफर्ड, राइस्ट्रिक आणि सिमोनार्ट यांनी पेनिसिलियमच्या एका जातीतून ग्रिसिओफल्विन वेगळे केले. जिवाणूंवर ते चालत नव्हते, म्हणून ते मागे पडले.

पुढे डॉर्सेटमधल्या वेअरहॅमच्या माळाने त्याला पुन्हा उजेडात आणले. तिथे सूचिपर्णी रोपे नीट वाढत नव्हती. तिथल्या मातीतल्या बुरशा तपासताना संशोधक ब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1946 मध्ये एक द्रव्य सापडले. त्याच्या संपर्कात दुसऱ्या बुरशीचे तंतू वाकडेतिकडे होऊन पिळवटत. ते ग्रिसिओफल्विनच निघाले. मग ते पिकांना देऊन पाहिले, तर मुळांनी शोषलेले द्रव्य पानांपर्यंत चढले आणि पाने रोगापासून वाचली. खरी किल्ली इथेच होती, पण माणसांच्या डॉक्टरांकडे ती पोचायला आणखी काही वर्षे गेली.

ग्लासगोच्या जे. सी. जेंटल्स यांनी गिनीपिगना नायट्याची लागण करून ग्रिसिओफल्विन तोंडावाटे दिले. त्यांचा लेख 1958 मध्ये 'नेचर'मध्ये आला. गिनीपिगचा नायटा कालांतराने आपोआपही बरा होतो, त्यामुळे औषध न दिलेल्या जनावरांशी तुलना करणे भाग होते. औषध घेतलेल्या जनावरांचा नायटा हटला. पोटात गेलेले औषध नव्याने घडणाऱ्या केसात उतरत होते. बुरशी मरून पडत नव्हती. मुळाकडून निरोगी केस वर येई आणि ती जुन्या भागाबरोबर बाहेर ढकलली जाई. म्हणूनच हे औषध आठवडेच्या आठवडे घ्यावे लागते. त्याच वर्षी वासरांवर आणि माणसांवरही त्याचा गुण दिसला.

तोवर इस्रायलमध्ये उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून आलेल्या हजारो मुलांच्या डोक्यांवर नायट्यासाठी क्ष-किरणांचा मारा झाला होता. त्यांच्यात मेंदूच्या आणि थायरॉइडच्या गाठींचे प्रमाण जास्त असल्याचे 1974 मध्ये संशोधकांनी दाखवले. भरपाईचा कायदा 1994 मध्ये झाला. तेव्हा ती मुले चाळिशी-पन्नाशीला पोचली होती.