लाल रंगद्रव्य, उष्णतास्थिर (मृत्तिकाशिल्पातील)

भट्टीचा ताप सोसून लाली टिकवणारे, चिनी मातीच्या वस्तूंच्या झिलईत किंवा मातीतच मिसळायचे अकार्बनी रंगद्रव्य. निळ्यासाठी कोबाल्ट आहे, हिरव्यासाठी क्रोमियम, पिवळ्यासाठी प्रासिओडिमियम घातलेले झिर्कॉन. लाल ही मात्र या धंद्यातली जुनी डोकेदुखी.

अडचण लाल खनिजाच्या टंचाईची नाही; उदाहरणार्थ, महाराष्ट्रातल्या चंद्रपूर-गडचिरोलीत लालीला तोटा नाही. एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर आणि चंद्रपूरचे लोहारा हेमॅटाइटसाठी, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडसाठी, ओळखले जातात. गेरूचा रंग याच खनिजाचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये उभारलेल्या ग्रामोदय संघामुळे इथल्या मातीकामालाही नाव मिळाले. भाजक्या मातीचे मडके ९०० ते १,००० अंश सेल्सिअसला तांबडेलाल निघते. तेच लोह झिलईत घालून भट्टी १,२०० अंशांपुढे नेली, की लाली जाते. हेमॅटाइटचे कण मोठे होऊन रंग काळपट जांभळा पडतो, आणि वितळलेल्या काचेत लोह विरघळले तर तो तपकिरी होतो. डोंगरभर गेरू असून लाल कपबशी निघत नाही ती यामुळे.

या अडचणीवर रूढ तोड म्हणजे कॅडमियम सल्फोसेलेनाइड. रंग झकास, पण कॅडमियम विषारी. उघडे ठेवले तर भट्टीत त्याचा निभाव लागत नाही, म्हणून त्याचे कण झिर्कॉनच्या पारदर्शक कवचात कोंडतात.

विरल मृत्तिकांकडे, म्हणजे सिरियम-प्रासिओडिमियमसारख्या मूलद्रव्यांकडे, संशोधक वळले ते कॅडमियमला पर्याय म्हणून. सिरियम ऑक्साइड ही फिकट पिवळसर पूड, प्रासिओडिमियम ऑक्साइड जवळजवळ काळी. पहिलीत दुसरीचे काही टक्के घोटून मिश्रण १,३०० अंश किंवा त्याहून अधिक तापमानाला भाजले, की मुशीतून विटकरी लाल भुकटी बाहेर येते. एकटे सिरियम ऑक्साइड मुख्यतः अतिनील किरणच शोषते. प्रासिओडिमियमचे अणू स्फटिकात शिरले की शोषण निळ्या-हिरव्या प्रकाशापर्यंत सरकते आणि परावर्तित होतो तो लाल. स्फटिकाचे जालक, म्हणजे अणूंची मांडणी, तसेच राहते, ते झिलईत सहजी विरघळत नाही, त्यामुळे रंग भट्टीत तगतो. प्रासिओडिमियम जास्त झाले तर मात्र छटा तपकिरीकडे झुकते. क्रोमियमयुक्त यिट्रियम ॲल्युमिनेटही ताप सोसते, पण त्याची लाली गुलाबीकडची. सिरियम सल्फाइडचा लाल देखणा. तो हवेत साधारण ३५० अंशांपुढे टिकत नाही, म्हणून प्लास्टिकपुरताच कामाचा.

भारतात या मूलद्रव्यांचा मुख्य स्रोत म्हणजे केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनारी वाळूतले मोनाझाइट हे खनिज. ते हाताळणाऱ्या, १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्‌स’ नावाने स्थापन झालेल्या कंपनीचे मुख्यालय मुंबईत आहे. तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय आंतरविद्याशाखीय विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत अशा रंगद्रव्यांवर संशोधन झाले आहे.

सिरियम-प्रासिओडिमियमचा रंग टिकाऊ आणि कॅडमियममुक्त असला तरी तो विटेचा लाल आहे. टोमॅटोसारखा भडक लाल हवा असेल, तर उत्पादकाला अजून कॅडमियमच गाठावे लागते.