जादूगाराला लगाम कशाला?

कर्णाची वासवी शक्ती आठवते? एकदाच वापरता येणारी. ती घटोत्कचावर खर्ची पडली आणि अर्जुन वाचला. बाळकुमला मित्रांबरोबर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळताना मला दर वेळी तीच आठवते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. त्यात एक पेच होताच: मंत्राने सगळंच होत असेल, तर तलवारवाल्याने करायचं काय? म्हणून मंत्र आधी लक्षात ठेवायचा, टाकला की डोक्यातून गेला. ही कल्पना जॅक व्हान्सच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) मधली. पहिल्या पातळीच्या जादूगाराला एका मोहिमेत एकच मंत्र आणि हातात फक्त खंजीर! पुढे मात्र तोच सगळ्यांना भारी पडायचा.

मग २००८च्या चौथ्या आवृत्तीत योद्ध्यालाही दिवसातून एकदाच वापरायचे डाव मिळाले. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत किरकोळ मंत्र हवे तितके वापरता येतात. पण एकाग्रता लागणारा मंत्र एका वेळी एकच.

आता तुमच्या कामाचं. मी पहिल्या मसुद्यात 'हे व्हान्सकडून आलं' एवढंच लिहिलं होतं. गाइडनी विचारलं, "बरं, मग?" उगम सापडला म्हणजे कारण सापडलं असं नाही. नियम कुठून आला हा एक प्रश्न. तो का टिकला, कोणी बदलला, हा दुसरा. प्रबंध दुसऱ्यावर उभा राहतो. तुमच्या विषयात तो दुसरा प्रश्न कोणता, ते आजच वहीत लिहा.